सात नंबरचं पाणी

येलहंका, ४ मार्च २०२६

चि. निहार,

यापुढे 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. ते काम आईचं होतं. ती गेली, तेव्हा तसंच पुढे वाच.

तुझ्या मोजणीच्या डब्याची बॅटरी बदलली. सौरपाटीवर पाखरांची घाण होती, ती ओल्या फडक्यानं पुसली. सात नंबरच्या झाडाच्या खोडातली, पाणी मोजणारी तुझी सुई आणि तिची वायर जागच्या जागी आहेत. मेलमध्ये विचारलं होतंस तेवढ्याचं उत्तर झालं. आता न विचारलेल्याचं.

मी बरी आहे. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, गुडघा धरतो. समोरची शिवलीला रोज फाटकातून 'आराम, अक्का?' म्हणून खुशाली विचारते. सख्ख्या भावानं शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवायला बसले आणि चहा गार झाला.

कागदावर लिहिते आहे, कारण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेलला एका ओळीचं उत्तर देतोस. पत्र निदान फोडावं लागतं. जर्मनीला पोचायला बारा दिवस लागतात असं पोस्टातला म्हणाला. लागू देत.

तुझं कौतुक कळलं. शिवलीलानं कन्नड पेपरातला तुझा फोटो आणून दाखवला. आपल्या घरामागच्या झाडांच्या तोपातलं जांभूळ आता शहाणं झाड म्हणून गाजतंय म्हणे. २०२४च्या दुष्काळात बोअरवेली आटल्या, तोपातल्या बाकीच्या दहा झाडांनी पाणी ओढणं थांबवलं, पण भिंतीला लागून असलेलं हे सात नंबर उन्हाळाभर पाणी ओढत राहिलं आणि आपल्याखालची हवा गार ठेवत राहिलं. म्हणून त्याची मुळं खोलवरच्या पाण्याला पोचली आहेत, असं तू सिद्ध केलंस. आता त्याच्या बिया घेऊन बारा हजार रोपं शहराबाहेरच्या कोरड्या जमिनींवर लावणार, पहिल्या पावसाळ्यानंतर थेंबभर पाणी देणार नाहीत, आणि वीस मेच्या कमिटीत त्यावर तुझी सही होणार.

तुझा लेख मीही वाचला. शब्दकोश घेऊन, अकराच्या अकरा पानं. शेवटी आभारात तुझ्या गाईडचं नाव आहे, निधी देणाऱ्यांचं आहे, आणि मग 'स्थानिक साहाय्य' आहे. चार वर्षं गुडघा धरून शिडीवर चढणारी बाई म्हणजे स्थानिक साहाय्य. असो.

वीस मेच्या आधी घरी ये. आई गेली तेव्हा आला नाहीस, वर्षश्राद्धाला आला नाहीस. आता मी बोलावते आहे. तुला आपल्या मोरीत उभं करून एक गोष्ट दाखवायची आहे. ती पाहिल्याशिवाय सही केलीस तर पस्तावशील. धमकी समजायची तर समज.

अक्का

येलहंका, २० मार्च २०२६

निहार,

तुझी ओळ मिळाली. 'मेमध्ये अशक्य आहे, काय ते फोटो काढून पाठव.' उंटावरून शेळ्या हाकायची सवय तुझी जुनीच. फोटो सोबत जोडला आहे. त्यात वरती तुझा डबा दिसतो, आणि बरोबर त्याच्याखाली मोरीचं भोक. डब्याकडे सगळे बघतात, तू तर रोज तिकडून बघतोस. आता भोकाकडे बघ.

तुला आठवत नसेल म्हणून आधीचं सांगते. २०२१ साली तू तोपात अकरा झाडांना सुया टोचल्यास. डबा ठेवलास आपल्या मोरीत, कारण तिथं वायर जवळ पडत होती. मग आईला माठापाशी बसवून तुझं शास्त्र समजावलंस. उन्हाला दोनच कामं, म्हणालास. ओल असेल तर ऊन पाण्याची वाफ करण्यात दमतं, म्हणून माठातलं पाणी गार आणि झाडाखाली गार. ओल संपली की ते मोकळं सुटतं आणि हवा तापवत फिरतं. आई म्हणाली, म्हणजे बिनकामाच्या माणसासारखं. तू खूप हसलास. त्या दिवशी तू मला आवडला होतास, हे लिहून ठेवते.

पुढच्याच आठवड्यात तिनं तांदूळ धुतलेलं पाणी मागच्या दारातून सात नंबरला घातलं. बाबा असल्यापासून घालत होती. तुझ्या डब्यात आकडा उडाला आणि तू तिला काय काय बोललास! बाहेरचं थेंबभर पाणी पडलं तर सगळं काम मातीत जाईल, तुला अक्कल आहे का, असं म्हणालास. आणि मागच्या दाराला दोन खिळे ठोकलेस. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या दाराला. ते खिळे अजून आहेत. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी तिनं आंबोळ्या केल्या, तेही मला आठवतं.

पुढच्या वर्षी तू गेलास. मग आला २०२४चा मार्च. सुई पुसायला शेजारच्या गेटातून फिरून तोपात गेले. महिनोन् महिने पाऊस नव्हता, माती विटेसारखी झाली होती, आणि सात नंबरच्या बुडाशी माझी चप्पल चिखलात रुतली. वाकून पाहिलं. मोरीचं पाणी गटारात नेणारा जो वाकडा पाइप होता, तो नव्हता. भोक उघडं, आणि पाणी थेट मुळाशी. पाइप कुठं असेल? आईच्या खाटेखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.

मी विचारलं तर तिनं माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "मी तोपात कुठं वतते? मोरीत वतते की."

खरंच होतं. तू तोपात टाकू नको म्हणाला होतास. मोरीचं कोण बोललं होतं? निपाणीच्या बाईला तू खिळे ठोकून अडवणार होतास!

तुझी खोल गेलेली मुळं ही आहेत, निहार. मोरीपर्यंत गेलेली.

अक्का

येलहंका, ५ एप्रिल २०२६

निहार,

या वेळी चक्क अर्धं पान लिहिलंस. घरातलं सांडपाणी किरकोळ असतं, दोनतीन बादल्यांनी एवढं मोठं झाड चालत नाही, माझा काहीतरी गैरसमज झाला आहे, आणि हे कोणाशी बोलू नको. शेवटचं वाक्य तेवढं मनापासूनचं वाटलं.

दोनतीन नव्हे, सहा. आणि किरकोळ पाणी म्हणतोस, तर ते कसलं होतं ते ऐक. त्या उन्हाळ्यात टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा. शिवकुमार नावाचा ड्रायव्हर पाइप हातात धरून प्रत्येकाला 'स्वल्प, स्वल्प' म्हणायचा, जरा जरा घ्या. माणशी रोज दोन बादल्या पडत. माझ्या दोन बादल्यांचं अंघोळी-धुण्याचं पाणी आई मोरीत सोडायची, भांड्यांचं सोडायची, शिवलीलाकडचं धुण्याचं पाणी फरशीला हवं म्हणून मागून आणायची आणि तेही सोडायची. स्वतःच्या दोन बादल्या तर ती अंगाला न लावताच ओतायची. मार्चअखेर तिनं अंघोळ सोडली. ओल्या पंचानं अंग पुसायची आणि तो पंचाही मोरीतच पिळायची. मग पिण्याचं कमी केलं. विचारलं की म्हणे, तहानच लागत नाही गं.

कशासाठी, ते तुला कळायला हवं. जानेवारीत तू फोनवर तिची थट्टा केली होतीस. कधी येतोस विचारलं तर म्हणालास, सात नंबर चालू आहे तोवर माझं तिथं काम आहे, ते थांबलं की यायचं कारणच संपलं. तू हसत बोललास आणि विसरलास. तिनं ते देवाजवळच्या पोथीसारखं जपलं. मला म्हणायची, "झाड चालू हाय तवर पोरगं येतंय. त्यानंच सांगितलंय."

आणि तू? रोज सकाळी तिकडे पडद्यावर रेघ बघायचास. रेघ छान. मग यायचं कशाला? ती पाणी ओतायची तू यावास म्हणून, आणि तू यायचा नाहीस ते पाणी ओतलं जात होतं म्हणून. तुमचं असलं शास्त्र मी शाळेत कधी शिकवलं नाही.

सतरा एप्रिलला ती मोरीतच पडली. जीभ कोरडी, लघवी बंद. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस पाणी कमी पीत होत्या? मी म्हटलं, माहीत नाही. अठराला मूत्रपिंडं थांबली. एकोणीसला पहाटे गेली. तू फोनवरून चेहरा दाखवलास, थांबू नका म्हणालास, आणि आम्ही थांबलो नाही.

आता तुझ्या लेखाचं सातवं पान काढ. सात नंबरच्या रेघेला एप्रिलात एकच खड्डा आहे. सतरा ते एकवीस. खाली तू लिहिलं आहेस की त्या दिवसांतल्या कोरड्या वाऱ्यामुळे पानांनी आपली रंध्रं मिटून घेतली असावीत. निहार, वाऱ्याचा काही संबंध नव्हता. ओतणारी दवाखान्यात होती, मग स्मशानात होती. तुझ्या आलेखात आई मेली ती जागा आहे, आणि तू तिला वारा म्हटलंस.

एकवीसचा तुझा मेल मी जपून ठेवला आहे. आईचा तिसरा दिवस. 'अक्का, दगदगीत असशील, पण सातचा आकडा चार दिवस पडला आहे. सुई निघाली का बघशील? नाहीतर मलाच यावं लागेल.' आईसाठी तिकीट मिळत नव्हतं. सुईसाठी मिळणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून रेघ पुन्हा वर गेली आणि आजतागायत वर आहे. कारण तेव्हापासून मी ओतते. दर उन्हाळ्यात, रोज सहा बादल्या. का, ते सध्या राहू दे.

किरकोळ म्हणतोस ना? तर हे पत्र तुला पोचेल त्या दिवसापासून, सतरा एप्रिलपासून, मी पाणी बंद करते. यंदाही आमच्याकडे सर पडलेली नाही. बस पडद्यासमोर.

अक्का

येलहंका, २३ एप्रिल २०२६

निहार,

सहा दिवसांत चार मेल. दोन वर्षांत मिळून एवढे नव्हते आले.

रेघ पडली, दिसलं ना? इथंही दिसतं. दुपारी पानं हातरुमालासारखी लोंबतात. मागच्या खोलीत परवापर्यंत पंख्याशिवाय बसता येत होतं. आता भिंतीला हात लावून ठेववत नाही. ऊन बिनकाम झालं की काय करतं, ते तूच शिकवलं होतंस.

तुझा पहिला मेल विचारतो, सुई तपासली का. दुसरा म्हणतो, अक्का, तू हे मुद्दाम करते आहेस. तिसऱ्यात तू रडलास असं लिहिलं आहेस. आईबद्दल आहे, तर मी वाचला. दोनदा वाचला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

आणि मग आज सकाळचा चौथा. तुझेच शब्द लिहिते, म्हणजे उद्या मी म्हातारी चळले असं म्हणायला नको. 'प्लीज, कमिटी होईपर्यंत पाणी चालू ठेव. मी आठ मेला पोचतो. समोरासमोर बसून ठरवू. माझं सगळं करिअर आहे यात.'

म्हणजे आता तुला माहीत आहे, आणि माहीत असूनही तू म्हणतोस, ओत. आई बिचारी अडाणीपणानं ओतत होती. तू डॉक्टरेट घेऊन ओतायला सांगतोस.

तुझ्या बारा हजारांबद्दलही सांगते. गेल्या वर्षी नमुन्यादाखल लावलेली दोनशे रोपं देवनहळ्ळीच्या बाजूला एका शाळेत आहेत. मी बसनं जाऊन आले. दोनशे काटक्या आणि प्रत्येकीला मुलाच्या नावाची पाटी. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, मुलं घरून बाटलीत पाणी आणायची, पण योजनेच्या माणसानं बंद करायला लावलं. पाणी घातलं तर मुळं आळशी होतात, असं मोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय म्हणे. शास्त्रज्ञांची बहीण समोर उभी आहे हे मी सांगितलं नाही. लाज वाटली.

मी कमिटीला काही कळवणार नाही. शिवलीलालाही सांगितलेलं नाही. चूक कबूल करणारं पत्र तूच लिहायचंस, तुझ्या हातानं, आईच्या नावासकट. नाही लिहिलंस तरी मी मिठाची गुळणी धरीन. मग जन्मभर तू आणि तुझं सात नंबर.

ये आठला. मी वाट बघते असं मात्र लिहिणार नाही.

अक्का

येलहंका, ८ मे २०२६

निहार,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुझ्या डब्यावर ठेवलं आहे, कारण घरात शिरल्यावर तू आधी मोरीतच येणार.

घरी मी नाही. किल्ली शिवलीलानं दिली असेलच, तिला मी 'भाऊ येतोय' एवढंच सांगितलं. मी जयनगरला संयोगिताबाईंकडे राहायला गेले आहे, शाळेत आम्ही बरोबर होतो. त्यांच्या घरामागे झाड नाही, छान आहे. शोधायला येऊ नकोस, दार उघडणार नाही.

खाटेखाली पाइप आहे, तिनं गुंडाळला होता तसाच. मोरीत सहा बादल्या भरून ठेवल्या आहेत. सात नंबरची खालची पानं गळली, पण शेंड्याला जीव आहे. आज ओतल्यास तर उद्या दुपारपर्यंत रेघ वर येईल, कमिटीला दाखवता येईल. मी सांगणार नाही, शब्द दिला आहे. ओतायचं तर तू ओत. तिच्या जागी उभा राहा, उजवा हात भिंतीला लावून, ती लावायची तसा. तिथला रंग गेला आहे बघ.

आता ते राहिलेलं. मी का ओतत राहिले.

एकवीस एप्रिलला तुझा मेल आला, 'नाहीतर मलाच यावं लागेल.' मी घरात सुतकात बसले होते. तो वाचून मी उठले आणि शिवकुमारला हाक मारून टँकरचा पाइप मोरीत सोडायला लावला. दुसऱ्या दिवशी तुझं आलं, 'थँक्स अक्का, आकडा ठीक झाला, तिकीट रद्द केलं.' आईसाठी न आलेला माणूस मला सुईसाठी या घरात यायला नको होता. तू आलाच असतास, तर लोकांना सांगत फिरला असतास की आईच्या दिवसांना गेलो होतो. ते सुख मला तुला द्यायचं नव्हतं. पुढे दोन वर्षं ओतलं, ते तू आणखी वर चढावास म्हणून. वरून पडलेलं जास्त लागतं.

इथवर लिहून मला समाधान वाटायला हवं होतं. काल रात्रभर वाटलं नाही. म्हणून उरलेलंही लिहिते.

तिला कसं थांबवायचं ते मला मार्चमध्येच कळलं होतं, चप्पल चिखलात रुतली त्या दिवशी. तू सुईसाठी येतोस हे मला आधीपासून माहीत होतं. २०२३ला उंदरानं वायर कुरतडली तेव्हा तू आठव्या दिवशी दारात होतास, आईसाठी खजूर घेऊन. मी फक्त एक वायर उपसायची होती. किंवा तो वाकडा पाइप परत बसवायचा होता. आकडा पडला असता, तू आला असतास, तिनं तुला पाहिलं असतं, ओतणं थांबलं असतं, ती पाणी प्यायली असती.

मी बसवला नाही. चाळीस वर्षं मी तिच्याजवळ होते. तिची औषधं, तिचं न्हाणं, तिची बोलणी, सगळं मी केलं, आणि तिच्या तोंडी नाव तुझं. मला तिला दाखवायचं होतं की बघ, एवढं पाणी ओतलंस तरी तुझा लाडका येत नाही. तिनं एकदा तरी म्हणावं की निहार येणार नाही, माझी सुखदाच खरी. मी त्याची वाट बघत राहिले. महिनाभर. तिची जीभ वाळताना मला दिसत होती.

ती म्हणाली नाही. दवाखान्यात शुद्ध होती तोवर तिनं एकच विचारलं, "आज झाडाला घातलंस काय?"

मी म्हटलं, घातलं. घातलं नव्हतं.

सुखदा